दोन महिन्यांचं पिल्लू फ्लॅटमध्ये येतं तेव्हा

कुत्र्याचं पिल्लू घरी आणण्याआधी दोन जागा पक्क्या करा: ते झोपणार कुठे आणि शू-शी करणार कुठे. त्या ठरल्या नसल्या तर पिल्लू स्वतःच्या सोयीने निवडतं, आणि त्याची निवड बहुतेक वेळा हॉलमधलं जाजम किंवा पलंगाखालचा कोपरा असते. पुढचे दोन महिने तुम्ही ज्याला पिल्लाचा हट्ट म्हणाल, त्यातला मोठा भाग खरं तर चुकलेली जागा आणि चुकलेली वेळ असतो. म्हणून इथे ओरडण्याबद्दल कमी आणि घड्याळाबद्दल जास्त लिहिलं आहे.

हे सगळं शहरातल्या फ्लॅटमध्ये येणाऱ्या, साधारण दोन महिन्यांच्या देशी पिल्लाला धरून आहे. जातिवंत पिल्लांनाही यातलं बहुतेक लागू पडतं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू मात्र घेऊ नका. २०१७ च्या केंद्राच्या नियमांनुसार इतकं लहान पिल्लू विकायला बंदी आहे आणि त्यामागे साधं कारण आहे. भावंडांशी मस्ती करताना एकाने जोरात चावलं की दुसरं किंचाळतं आणि खेळ थांबतो. दात किती जोरात लावायचे हे पिल्लू तिथेच शिकतं. आई गमावलेलं पिल्लू रस्त्यावरून उचलून आणलं असेल तर हा धडा तुम्हाला द्यावा लागेल, एवढं धरून चाला.

आणण्याआधी

फार खरेदी लागत नाही. स्टीलची दोन पसरट भांडी, पाच-सहा जुन्या सुती चादरी, एक हलका पट्टा, पाच-सहा फुटांची हलकी दोरी, चावायला रबराची दोन खेळणी, आणि लोखंडी जाळीचं घडीचं कुंपण. कुंपण घेणं जमत नसेल तर स्वयंपाकघराच्या दारात दोन फुटी फळी आडवी लावली तरी पहिला महिना निभावतो. पट्टा घातल्यावर मान आणि पट्टा यांत दोन बोटं सहज जायला हवीत. पिल्लू झपाट्याने वाढतं, त्यामुळे दर रविवारी ती बोटं पुन्हा घालून बघा.

मग घर पिल्लाच्या उंचीवरून बघा, म्हणजे खरोखर जमिनीवर बसून. डासांच्या मशीनची वायर, कपाटातून घरंगळलेली डांबराची गोळी, सिंकखालचं उंदराचं औषध, पलंगाजवळची गोळ्यांची पट्टी: हे सगळं वर किंवा बंद दाराआड गेलं पाहिजे. बाल्कनीच्या गजांमधून पिल्लाचं डोकं जातं, म्हणून कबुतरांची जाळी तळापर्यंत बांधून घ्या. गुळगुळीत टाइल्सवर पिल्लाचे पाय फाकतात आणि वाढत्या सांध्यांना ते चांगलं नाही, लॅब्रॉडॉर किंवा जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या जातींना तर मुळीच नाही. त्याच्या खेळायच्या जागेत जुना योगा मॅट किंवा रबराचं अंथरूण टाका.

पहिला दिवस आणि पहिली रात्र

शक्यतो सकाळी आणा आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी असू द्या. दारातून आत आल्यावर आधी शूच्या जागेवर न्या, घर नंतर दाखवा. आधी जे खात होतं तेच तीन-चार दिवस द्या. बघायला येणाऱ्या बिल्डिंगमधल्या मुलांना पुढच्या आठवड्यात बोलवा.

रात्री पिल्लाला दुसऱ्या खोलीत किंवा बाल्कनीत एकटं ठेवू नका. कालपर्यंत ते भावंडांच्या ढिगात झोपत होतं. पुठ्ठ्याचा खोका किंवा कुंपण तुमच्या पलंगाला लागून ठेवा, म्हणजे हात खाली सोडला की त्याला लागेल. पावसाळा-हिवाळ्यात कोमट पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून बाजूला ठेवता येते. झोपल्यानंतर मध्येच कुरकुरलं तर बहुतेक वेळा शू आलेली असते. मोठा दिवा न लावता, न बोलता उचलून जागेवर न्या, झाली की परत आणा. या वेळी लाड केले तर दोनच दिवसांत पिल्लू अडीच वाजता खेळायला उठवू लागतं. साधारण अकरा, अडीच आणि साडेपाच अशा तीन फेऱ्या पहिल्या आठवड्यात धरा. आठ-दहा दिवसांनी मधली फेरी हळूहळू पुढे सरकवता येते.

शू आणि शी

सगळ्यात जास्त पिल्लांना याच कारणावरून मार बसतो आणि ती परत केली जातात, म्हणून इथे घाई करू नका.

जागेपासून सुरुवात. लहान वयात शू करताना पायाखाली जे लागतं, त्याची पिल्लाला सवय होते. मऊ कापडी पॅडवर शिकलेल्या पिल्लाला प्रत्येक पायपुसणं पॅडसारखंच वाटतं. पुढे त्याला खाली मातीत-गवतात न्यायचं असेल तर बाल्कनीत दोन बाय दोन फुटांच्या प्लास्टिक ट्रेमध्ये नर्सरीतून आणलेला लॉनचा तुकडा ठेवा आणि पंधरा दिवसांनी बदला. बाल्कनी नसेल तर मोरीचा एक कोपरा आणि तिथे रद्दी. मोरीत शिकवलं तर पुढे बाहेर शिकवणं हा वेगळा अभ्यास होतो. तो जमतो, पण त्याला आणखी काही आठवडे लागतात.

१. वेळा पाठ करा. झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर पाच ते वीस मिनिटांत, खेळाच्या मध्ये आणि झोपण्याआधी न्यायचंच. याशिवाय जागं असेल तेव्हा दर पाऊण तासाने. दिवसा पिल्लू जास्तीत जास्त किती वेळ धरू शकतं याचा ढोबळ हिशेब म्हणजे वयाचे महिने अधिक एक, इतके तास. दोन महिन्यांचं पिल्लू तीन तास. पण ती वरची मर्यादा आहे आणि खेळत असेल तर अर्धा ताससुद्धा धरवत नाही.

२. पहिला आठवडा उचलून न्या. चालत नेलं तर ते वाटेतच बसतं.

३. जागेवर ठेवून गप्प उभे राहा. खेळू नका, मोबाइलही नको. पाच मिनिटं द्या.

४. सुरू झालं की हळू आवाजात एकच शब्द म्हणा, ‘शू कर’. संपता क्षणी, दोन सेकंदांच्या आत, तिथेच उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा वाटाण्याएवढा तुकडा द्या. घरात येऊन स्वयंपाकघरात दिलेला तुकडा पिल्लाच्या हिशेबी स्वयंपाकघरात येण्याबद्दल असतो.

५. पाच मिनिटांत झाली नाही तर परत आणा, पण मोकळं सोडू नका. मांडीवर किंवा कुंपणात ठेवा, दहा मिनिटांनी पुन्हा न्या. ‘आत्ताच तर नेलं होतं, आणि आत येऊन सोफ्याजवळ केली’ ही तक्रार जवळजवळ नेहमी ही पायरी गाळल्यामुळे होते.

६. फ्रिजवर कागद लावा. खाल्लं कधी, शू कधी, शी कधी, चूक कुठे झाली. चार दिवसांत पिल्लाच्या वेळा दिसू लागतात आणि घरातल्या सगळ्यांना एकच माहिती मिळते.

चूक तुमच्यासमोर झाली तर हलकी टाळी वाजवा, उचला, जागेवर न्या. नंतर दिसली तर काही न बोलता पुसून टाका. शूमध्ये नाक घासणं, वर्तमानपत्राची गुंडाळी मारणं हे अजूनही अनेक घरांत चालतं. पाच मिनिटांपूर्वीच्या शूचा आणि आत्ताच्या माराचा संबंध पिल्लाला लागत नाही. त्याला एवढंच कळतं की हे माणूस जवळ असताना शू करणं धोक्याचं आहे. मग ते पलंगाखाली जाऊन करतं आणि तुम्ही बाहेर घेऊन उभे राहिलात तर तासभर करत नाही. लोक त्यालाच ‘मुद्दाम करतं’ म्हणतात.

पुसण्याची पद्धत महत्त्वाची आहे. आधी रद्दीने दाबून ओल टिपून घ्या. मग प्राण्यांच्या दुकानात मिळणारं एन्झाइमचं क्लीनर टाकून बाटलीवर लिहिलेला वेळ राहू द्या. साध्या टाइल्सवर व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं चालतं. संगमरवर, कडप्पा किंवा शहाबादी फरशी असेल तर व्हिनेगर लावू नका, आम्लाने ती चरते. फिनाईल टाळाच. त्याच्या उग्र वासाने आपल्याला शूचा वास येत नाही, पिल्लाला येतच राहतो, आणि फिनाईलने पुसलेल्या फरशीवरचे पाय ते चाटतं. काही फिनाईल पोटात गेल्यावर विषारी असतात.

दोन गोष्टी शिस्तीच्या नव्हेत. थोड्या थोड्या वेळाने थेंब थेंब शू होत असेल किंवा लालसर दिसत असेल तर मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो, डॉक्टरांना दाखवा. आणि तुम्ही घरी आल्यावर पिल्लू लोळण घेऊन शू करत असेल तर ती नम्रता किंवा आनंद आहे. अशा वेळी वाकून कुरवाळू नका, बाजूला बसा, नजर दुसरीकडे ठेवा. बहुतेकांचं हे वाढत्या वयात थांबतं.

चावणं

पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. चौथ्या महिन्याच्या आसपास ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे ४२ येतात. इतका काळ ते काही ना काही चावणारच. प्रश्न फक्त काय चावेल एवढाच.

संध्याकाळी सात ते नऊ या वेळात पिल्लू वेड्यासारखं धावतं, टाचा पकडतं, गाऊनला लोंबकळतं. बघणाऱ्याला वाटतं, याला अजून खेळवलं पाहिजे. या वयात पिल्लाला दिवसाकाठी अठरा ते वीस तास झोप लागते. ज्या घरात सतत माणसांचा वावर आहे तिथे ती पूर्ण होत नाही, आणि पेंगुळलेल्या लहान मुलासारखं ते पिसाळतं. तासभर जागं, मग दीड-दोन तास कुंपणात अंधूक उजेडात झोप, असा क्रम लावला तर संध्याकाळचा निम्मा गोंधळ दोन-तीन दिवसांत कमी होतो.

दात अंगाला लागले की हात झटकू नका, हलणारा हात हीच शिकार वाटते. हात सैल सोडा आणि दुसऱ्या हाताने खेळणं तोंडात द्या. पुन्हा हातावर आलं तर उठा, कुंपणाबाहेर जा, वीस-तीस सेकंद पाठ करा, मग परत या. दिवसातून दहा वेळा करावं लागेल. घरातल्या एकानेही ‘मला चालतं’ म्हणून हाताने कुस्ती खेळली तर बाकीच्यांचे दहा वेळा वाया जातात. तोंड दाबून धरणं, नाकावर टिचकी मारणं याने काही पिल्लं घाबरतात, काही आणखी जोराने चावतात, आणि पुढे चेहऱ्याकडे येणाऱ्या प्रत्येक हाताला दात दाखवतात.

लहान मुलांना एक गोष्ट शिकवा: पिल्लू अंगावर आलं की झाडासारखं उभं राहायचं, हात काखेत, तोंड बंद. पळालं आणि किंचाळलं की पिल्लासाठी खेळ सुरू होतो. सहा-सात वर्षांखालचं मूल आणि पिल्लू मोठ्या माणसाशिवाय एका खोलीत ठेवू नका.

हिरड्या शिवशिवतात तेव्हा सुती फडका ओला करून पिळा, गाठ मारून फ्रीझरमध्ये ठेवा आणि समोर बसून चावायला द्या. गोठवलेलं जाड गाजरही चालतं. शिजवलेलं हाड कधीच देऊ नका, ते सुरीसारखं तुटतं.

दाताने किंवा नखाने रक्त निघालं आणि पिल्लाचं रेबीजचं लसीकरण झालेलं नसेल, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. ‘आपलंच पिल्लू आहे, एवढंसं आहे’ हा विचार इथे करायचा नसतो. रस्त्यावरून आलेल्या पिल्लालाही रेबीज असू शकतो.

लस पूर्ण होईपर्यंत बाहेर न्यायचं की नाही

नवे पालक सगळ्यात जास्त इथे अडकतात, कारण दोन्ही बाजूंचा सल्ला खरा आहे.

आईच्या पहिल्या दुधातून, चिकातून, पिल्लाला तात्पुरतं संरक्षण मिळतं. ते अंगात असेपर्यंत लसही नीट लागू पडत नाही, आणि ते नेमकं कधी संपतं ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं असतं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर आणि पार्व्हो या पिल्लांच्या जिवावर बेतणाऱ्या दोन विषाणूजन्य आजारांची एकत्रित लस दर तीन-चार आठवड्यांनी देतात आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर पडला पाहिजे. ‘दोन डोस झाले, पुरे’ असं म्हणून थांबू नका. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर, आणि मग वर्षाने पुन्हा.

पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. सोसायटीच्या बागेत, जिथे सगळी कुत्री जातात, तिथे पिल्लाला खाली सोडण्याचा धोका खरा आहे. पण तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे बघतं-ऐकतं ते त्याला आयुष्यभर ओळखीचं वाटतं. चार महिने घरात कोंडलेलं पिल्लू पुढे छत्री, हेल्मेट, रिक्षा या सगळ्यांवर भुंकतं.

मार्ग मधला आहे: पाय जमिनीला लावू न देता जग दाखवा. कडेवर किंवा कापडी पिशवीत घेऊन रोज दहा-पंधरा मिनिटं खाली उतरा. लिफ्ट, वॉचमनची शिट्टी, कचऱ्याची गाडी, रेनकोट घातलेला माणूस, काठी टेकत चालणारे आजोबा, शाळेची बस. घरात कुकरची शिट्टी, मिक्सर, ड्रिल. प्रत्येक नव्या गोष्टीबरोबर एक छोटा तुकडा. पिल्लाने आवडता तुकडा नाकारला तर तुम्ही फार जवळ आहात, दहा पावलं मागे जा. ज्यांच्या घरी लस झालेला शांत कुत्रा आहे, त्यांच्याकडे नेऊन भेट घडवता येते.

ढोल-ताशा आणि फटाके यांची तयारी गणपती-दिवाळीच्या दीड-दोन महिने आधी करा. मोबाइलवर ढोलाचा आवाज अगदी बारीक लावा, इतका की पिल्लू फक्त कान हलवेल, आणि त्याच वेळी जेवण द्या. दर दोन-तीन दिवसांनी आवाज एक घर वाढवा. दचकलं तर दोन घरं खाली.

खाणं

बारा आठवड्यांपर्यंत दिवसाला चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन, मग दोन. नवं खाणं सुरू करताना सात दिवस घ्या: पहिले दोन दिवस चतुर्थांश नवं, मग निम्मं, मग पाऊण. एकदम बदललं की जुलाब होतात आणि घरातले घाबरून पुन्हा खाणं बदलतात.

दूध-पोळी हे पिल्लाचं जेवण नव्हे. त्यात प्रथिनं कमी पडतात आणि गाई-म्हशीच्या दुधाने अनेक पिल्लांचं पोट बिघडतं. पिल्लांचं कोरडं खाणं देत असाल तर पाकिटावरच्या तक्त्यात मोठेपणीचं अंदाजे वजन धरून (देशीला १५ ते २० किलो) दिवसाचं माप काढा आणि वजन करून भरा. तळहाताने बरगड्या जाणवल्या पाहिजेत, पण ठळक दिसता कामा नयेत. घरचं चिकन-भात देणार असाल तर नुसत्या मांसात कॅल्शियम फार कमी असतं, त्याची जोड पशुवैद्यांना विचारून ठरवा. मोठ्या जातीच्या पिल्लांना मनाने जास्तीचं कॅल्शियम देऊ नका, त्यानेही हाडं बिघडतात.

कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका-बेदाणे, चॉकलेट आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले पदार्थ पूर्ण बंद. प्रसादाचा शिरा या यादीत बेदाण्यांमुळे येतो. ताप वाटला म्हणून माणसांची पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी देऊ नका.

जंत आणि गोचीड

जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून आठव्यापर्यंत दर पंधरवड्याला, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, आणि दर वेळी ताज्या वजनावर. पोट फुगलेलं, बाकी अंग हडकुळं, शीमध्ये शेवयांसारखं काही दिसलं तर जंत आहेत. ते मुलांनाही होऊ शकतात, शी उचलल्यावर हात धुवा.

गोचीड कानाच्या घडीत, बोटांच्या बेचक्यात आणि पट्ट्याखाली शोधा, पावसाळ्यात रोज. चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढा, बोटांनी चिरडू नका, रॉकेल लावू नका. मानेवर टाकायचं औषध वय-वजनाप्रमाणे डॉक्टरच ठरवतील. घरात मांजर असेल तर ते आधी सांगा, कारण कुत्र्यांच्या काही औषधांतलं पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मांजराच्या जिवावर बेततं. पावसाचं साचलेलं पाणी पिऊ देऊ नका, उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, तो माणसांनाही होतो.

वारंवार उलटी, वासाचे किंवा रक्ताचे जुलाब, पांढुरक्या हिरड्या, न खाता पडून राहणं: यातलं काहीही असेल तर सकाळची वाट बघू नका. जवळचा रात्री उघडा असलेला दवाखाना पिल्लू येण्याआधीच शोधून नंबर लिहून ठेवा.

एकटं राहणं

रजा संपते आणि सोमवारी पिल्लू अचानक नऊ तास एकटं पडतं. शेजारच्या काकूंची रडण्याबद्दलची तक्रार इथूनच सुरू होते. पहिल्या आठवड्यानंतर रोज थोडा सराव करा. पिल्लू शू करून, खाऊन पेंगुळलं असताना त्याला कुंपणात चावायला काहीतरी द्या आणि खोलीबाहेर जा. दहा सेकंद, मग तीस, मग दोन मिनिटं, पाच, पंधरा. रडायला लागण्याआधी परत या. रडलं तर वेळ फार वाढवला होता, पुढच्या वेळी निम्मा करा. किल्ली उचलणं, चप्पल घालणं आणि तरीही न जाणं, असंही दिवसातून दोन-चारदा करा, म्हणजे त्या आवाजांची धास्ती बसत नाही. चार महिन्यांपर्यंत दुपारी कुणीतरी येऊन शूला नेणं आणि खाऊ घालणं लागतंच. दोघंही ऑफिसला जात असाल तर ती व्यवस्था पिल्लू आणण्याआधी करा.

परत आल्यावर दारातच आरडाओरडा करून उचलू नका. चप्पल काढा, पिल्लाला सरळ ट्रेवर न्या, शू होऊ द्या, तुकडा द्या, आणि मग हवं तेवढं कुरवाळा.